वाऱ्याचा तांब्या

"मायाक्का म्हणजे मुलगी?" साखर कारखान्याच्या साहेबांनी माझा अर्ज उलटापालटा करत विचारलं.

पातळ नेसून, वेणी घालून त्यांच्या टेबलासमोर उभी आहे, मग मुलगी नाही तर काय बैल? जिभेवर आलं होतं, गिळलं. "हो साहेब," म्हटलं, "केमिकल इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष संपलंय. सुट्टीतलं ट्रेनिंग पाहिजे."

"लेडीजसाठी आमच्याकडं सोय नाही."

"सोय कशाला पाहिजे? मला रस आटवायची भांडी बघायचीयत. तिथं झोपायचं नाहीये."

साहेबांच्या मागचा शिपाई फिस्सकन हसला आणि माझं काम तिथंच बोंबललं. अकलूजहून सोलापूरची एसटी पकडली तेव्हा डोक्यात असला जाळ होता, की कंडक्टरनं नुसतं "पुढं सरका" म्हटलं तरी मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याचा काय दोष होता त्यात!

आता हे ट्रेनिंगचं काय प्रकरण, ते सांगते. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी मुंबईच्या कॉलेजात स्कॉलरशिपवर शिकत होते. वर्गात पोरी आम्ही दोघीच. नियम असा होता, की उन्हाळ्यात कुठल्यातरी कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचं आणि मालकाच्या सहीचा कागद आणायचा, तरच शेवटच्या वर्षात प्रवेश. वर्गातली पोरं पटापट चिकटली. कुणी खताच्या कारखान्यात, कुणी तेलशुद्धीकरणात, कुणी औषधाच्या कंपनीत, एकजण तर सिमेंटमध्ये. मला सगळीकडून एकच उत्तर, सोय नाही. आणि गावाकडं, सांगोल्याच्या बाजूला, आमच्या आबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "वरीस वाया गेलं तर गावाकडं यायचं. मंगळवेढ्याकडचं स्थळ हाय, लई मोटा कळप हाय त्यांचा." माझं मेंढरांशी काही वाकडं नाही. मी मेंढरांतच वाढले. पण जन्मभर त्यांच्याच मागं फिरायचं, तर मग एवढी गणितं कुणासाठी सोडवली?

आबांना मी काय शिकते हेही धड माहीत नव्हतं. तात्याबा म्हणून आमच्या भागात त्यांना सगळे ओळखतात, मेंढराचा आजार लांबून सांगतात, पण दरवेळी मला विचारायचे, "क्येमिकल म्हंजी फवारनीचं औषिद का गं?" मग मी चढायचे. "आबा, साबण बघा. साखर बघा. रंग, कागद, खत, रॉकेल, डोकं दुखल्यावरची गोळी, सगळं! तांब्याभर कुणीबी करंल. तेच टाकीभर करायचं, रोज करायचं, आणि तसंच्या तसं आलं पाहिजे. ते आमी करतो." आबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हंजी सैपाकच की."

सोलापुरात मी आण्णामामाकडं उतरायचे. हायस्कूल मी त्याच्याच घरी राहून केलेलं. मामा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. माझं फुगलेलं तोंड बघून तो म्हणाला, "अक्कलकोट रोडला एमआयडीसीत रुद्रप्पा मालकांचं सायझिंग हाय. माझ्या वळखीचं हायत. जा उद्या."

सायझिंग म्हणजे सुताला खळ पाजायचा कारखाना. टॉवेल-चादरींचं सूत मागावर इतकं ताणलं जातं, की नुसतं चढवलं तर पटापटा तुटेल. म्हणून आधी त्याला खळ पाजतात, वाळवतात आणि मग मागावर पाठवतात. तिथं बॉयलर असतो, वाफ असते, शिजवायची टाकी असते. मला आणि काय पाहिजे होतं! रात्रभर मनात लाडू फुटत होते.

रुद्रप्पा मालक माणूस मोठा गोड. कपाळाला भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, बोलताना मराठीत कन्नड आणि कन्नडात मराठी. मला बसवलं, चहा मागवला, कागद वाचला आणि खिशातलं पेन काढलं.

"एनव्वा, सही पाहिजे ना? आण. आत्ता करून देतो. तू घरी बस, मामीच्या हातचं खा, आराम कर. कॉलेजला काय कळतंय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हाकलून दिलेलं परवडतं हो, हे लाडानं बाजूला बसवणं सहन होत नाही.

"मालक, सही नको. काम पाहिजे."

"काम? आत गेलीस का कधी? वाफ, धग, सगळे बाप्ये. भाजलंबिजलं तर तुझ्या मामाला काय तोंड दाखवू मी?"

मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात आतून वाऱ्याबरोबर एक वास आला. भाजका, थोडा तुरट. त्या वासानं मी उठून उभीच राहिले.

"चिंचोका शिजवताय तुम्ही!"

मालकांचा चहा बशीतच राहिला. "तुला कसं कळलं?"

न कळायला काय झालं? आमच्या घरी घोंगड्या विणतात. लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात. त्या वासात माझं बालपण गेलंय. मालकांनी मग आपलं रडगाणं सांगितलं. मक्याच्या स्टार्चची गाडी येईनाशी झाली, म्हणून कुणाच्यातरी सांगण्यावरनं चिंचोक्याच्या पिठाची पोती आणली. स्टार्चच्या मापानंच ते शिजवलं, तर टाकीत डिंकाचा गोळा झाला. पाणी वाढवलं तर कधी गुठळ्या, कधी ताक. मागवाले बीम, म्हणजे खळ पाजून गुंडाळलेल्या सुताचे रूळ, परत पाठवायला लागले, त्यांची सुतं तुटत होती.

"मी जमवून देते," मी म्हणाले.

"तू?"

"मी. खळ जमली तर मला आत घ्यायचं, बाकीच्यांसारखी हजेरी लावायची, आणि शेवटी सही करायची ती खरी."

"आणि नाही जमली तर?" मालक हसून म्हणाले. "तर गुमान सही घेऊन घरी बसायचं."

"नाही जमली तर सही पण नको!"

बोलून बसले. माझी जीभ अशीच आहे, माझ्या आधी धावते. संध्याकाळी मामानं कपाळावर हात मारला. "खुळी का काय तू? मानूस फुकट सही देतुया आन् तू वरीस पणाला लावलंस?"

"फुकट सहीचा इंजिनियर व्हायचं नाही मला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. गोजाबाई तिचं नाव. आबांनी तिला मला न्यायलाच धाडलं होतं. काही जमत नसेल तर पोरीला घेऊन ये, असं सांगून. मी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. परसात तीन दगड मांडले, मालकांकडनं आणलेलं पीठ पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "आये, खळ कर."

"आगं, मी तुला न्यायला आले आन् तू मला कामाला लावतीस व्हय?"

पण बसली. चूल बघून तिला बसल्याशिवाय राहवत नाही. दोन ओंजळी पीठ, चार तांबे पाणी. गार पाण्यात पीठ कालवलं, मग जाळ लावला. आणि जाळ लावताना तिनं पाचवा तांब्या भरून पातेल्यात ओतला.

"ह्यो वाऱ्याचा," ती म्हणाली.

हे मी विसरूनच गेले होते! आमच्या माळावर चूल उघड्यावर असते. खळ रटरटत राहते आणि वारा भणाणत असतो. शिजेपर्यंत तांब्याभर पाणी वारा पिऊन जातो. म्हणून आमच्यात खळ करताना एक तांब्या वर घालायचा आणि म्हणायचं, ह्यो वाऱ्याचा. तो विसरला तर खळ करपते. लहान असताना मला खरंच वाटायचं, की वारा रात्री येऊन वाटणी मागत असणार. मी आईकडनं ओंजळी भरून घेतल्या, तोलल्या, तांब्या मापून घेतला, सगळं वहीत टिपलं. खळ अशी झाली, की काठीवरनं एकसंध धार पडावी. तांब्याभर खळ घेऊन मी रुद्रप्पा मालकांकडं पळत गेले. त्यांनी चिमटीत धरली, बोटं जवळ-लांब केली, सुताला लावून बघितली.

"छलो!" मालक म्हणाले, म्हणजे झकास. "टाकीत करून दाखव."

टाकी म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी. तिथं धोंडीराम नावाचा कामगार खळ शिजवायचा. साधा माणूस, मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचा आणि माझ्या प्रत्येक वाक्याला घाबरायचा. मी भिंतीवर खडूनं माप मांडलं. पीठ इतकं पट, पाणी इतकंच पट, आईचे चार तांबे आणि वाऱ्याचा एक, काही सोडलं नाही. पाणी भरलं, गारेगार पाण्यात पीठ कालवलं. एक बांबू टाकीत उभा धरून जिथवर ओला झाला तिथं खाच पाडली. मग धोंडीरामनं वाफेचा कॉक उघडला. टाकीतनं असा काही गडगडाट झाला, की माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकातली आकृती माझ्यासमोर जिती होऊन गुरगुरत होती! मी तर वाफेतच उड्या मारत होते.

तास उलटला. धोंडीरामनं कॉक बंद केला, काठी बुडवली, वर काढली. काठीवरनं पाणी गळावं तशी खळ गळाली.

"पातळ वाटती, ताई," तो हळूच म्हणाला.

"गार झाली की धरंल," मी म्हटलं. धरली नाही. मशिनवर बादल्या भरभरून ओतली, सूत त्यातनं गेलं, वाळलं आणि बोटानं जरा ओढलं तर तुटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तुटलं. मालक आले, त्यांनी सूत चिमटीत धरून सोडून दिलं.

"होगली बिडव्वा," ते म्हणाले. जाऊ दे म्हणे. "पीठ अजून एका टाकीपुरतं आहे. परवा स्टार्चची गाडी येतीय, निरोप आलाय. तू वाईट वाटून घेऊ नको. आण तो कागद."

पेन पुन्हा बाहेर आलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या पेनाकडं माझा हात जरा पुढं गेला होता. एक सही आणि मी शेवटच्या वर्षात! पण मग माझी मलाच चीड आली.

"ती एक टाकी मला उद्या द्या," मी म्हणाले. "मग मी इथनं जाते."

मालकांनी मान हलवली. दोनदा. हो म्हणून की हिचं काही खरं नाही म्हणून, कुणाला ठाऊक.

घरी आले तर आईनं माझी ट्रंक भरायला घेतली होती. टाकी फसल्याची बातमी कारखान्यातनं मामीकडं आणि मामीकडनं तिच्याकडं पोचली होती.

"उद्या दुपारच्या यस्टीनं जायाचं," आई म्हणाली. "लई शिकलीस की गं. बास आता. तुजा बाप वाट बघतुया."

"आये, सकाळी एक टाकी बाकी हाय."

"टाकी कर आन् चल." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त रडू आलं. मी परसात जाऊन नाक शिंकरलं आणि तिथं मला डालड्याचा रिकामा डबा दिसला.

हे बघा, रडण्यानं खळ दाट होत नाही. मी डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. आईनं केलेली थोडी खळ उरली होती, ती कोमट करून डब्यात भरली आणि मामाच्या घड्याळावर बघितलं, गळून संपायला किती वेळ लागतो. मग टाकीतली खळ, येताना तांब्याभर बरोबर आणलेली, तशीच कोमट करून भरली. ती घरच्या खळीच्या निम्म्या वेळाच्या आधीच संपली. मामा शेजारी बसून बघत होता.

"पातळ हाय, हे मला डब्याबिगर बी दिसतंय," तो म्हणाला.

"दिसतंय मामा, पण किती पातळ हे आता कळलं. पीठ तेच, पाणी तेवढंच, मग पातळ झालीच कशी?"

आमचे एक सर होते. वर्गात आले की फळ्यावर एक मोठा चौकोन काढायचे. एक बाण आत, एक बाण बाहेर. म्हणायचे, आत काय गेलं, बाहेर काय आलं, आत काय उरलं, एवढंच मांडता आलं तर निम्मे इंजिनियर झालात. कुठलंही पाणी आपलं आपण नाहीसं होत नाही आणि आपलं आपण येतही नाही. आम्ही पोरं त्यांच्या मागं हसायचो, एवढं सोपं काय शिकवतात म्हणून. त्या संध्याकाळी मी परसातल्या मातीत काडीनं तो चौकोन दहादा काढला आणि दहादा पुसला. उत्तर काही येईना.

सकाळी उजाडताच मी कारखान्यात हजर. कालची फसलेली खळ टाकीत तशीच होती, ती काढून टाकायची म्हणून धोंडीराम बादली घेऊन उभा होता. माझा बांबू कोपऱ्यात पडलेला. काय वाटलं कुणास ठाऊक, मी तो उचलून टाकीत उभा घातला.

खाच दिसेना.

वर काढला. खाच खळीत बुडाली होती. खळ खाचेच्या चांगली चार बोटं वर होती!

"धोंडीराम! काल यातनं मशिनला बादल्या गेल्या ना?"

"गेल्या की ताई. धा-बारा तरी."

"मग पातळी खाली जायला पाहिजे, वर कशी गेली? पाणी कुणी घातलं?"

"कुनी न्हाय, द्येवाशप्पत!" धोंडीरामची बादली हातातनं सुटली. "मी रातीला कुलूप लावून गेलो हुतो."

पाणी आपलं आपण येत नाही. मी टाकीभोवती फेरी मारली. वरनं नळ, तो बंद. खालनं निचऱ्याची वाट, तीही बंद. आणि बॉयलरकडनं आलेला तो जाडजूड पाइप, त्याचं तोंड थेट खळीत बुडालेलं. वाफेचा पाइप. त्यातनं कालचा सबंध तास धडाधडा वाफ आत येत होती. आणि गार पाण्यात शिरलेल्या वाफेचं काय होतं? पाणी!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण बॉयलरवरचा माणूस सुद्धा पळत आला. माझ्या आईच्या पातेल्यात जाळ बाहेर असतो, वाफ वर जाते, वारा पाणी पितो. इथं वाफ आत येते. इथं वारा पीत नाही, पाजतो! आणि मी शहाणी, वाऱ्याचा तांब्या पण ओतून बसले होते. एक नाही, शेकड्यानं ओतले होते. न पिणाऱ्या वाऱ्याला मी टाकीभर पाणी वाढलं होतं, आणि वर त्यानं आपलं घातलं ते वेगळंच.

"खडू! खडू कुठं गेला?"

भिंत पुसली. एवढं पाणी गारचं उकळीला आणायला उष्णता किती, एक किलो वाफेचं पाणी होताना उष्णता किती सुटते, म्हणजे वाफ किती आत आली. घाईत आकडे वाकडे पडत होते. उत्तर आलं. बांबूवरची चार बोटं मोजली, त्यात मशिनला गेलेल्या बादल्या मिळवल्या. आणि जुळलं! अगदी काटेकोर नाही, पण जुळलं! तीन वर्षं मी गणितं सोडवत होते, उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानावर बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर टाकीत होतं. मला वाटलं, आत्ता कुणी मला उचलून तेलशुद्धीकरणात टाका, खताच्या कारखान्यात टाका, समुद्राचं मीठ करायला बसवा, मी सगळं चालवीन.

धोंडीरामनं टाकी धुऊन दिली. मी नवं माप मांडलं. वाऱ्याचा वाटा काढून टाकला, आणि वाफ जेवढं पाणी आणणार तेवढं आधीच कमी केलं. टाकीत पाणी भरलं तेव्हा ते फारच खाली दिसायला लागलं.

"एवड्याशा पान्यात एवडं पीठ?" धोंडीराम म्हणाला. "ताई, दगुड हुईल की."

"झाला तर माझ्या डोक्यात घाल. उघड कॉक."

टाकी पुन्हा गुरगुरली. मी बांबू धरून उभी. दारात कुणीतरी आलं म्हणून बघितलं, तर आई आणि मामा. मामाच्या खांद्यावर माझी ट्रंक, आईच्या हातात भाकरीचं गाठोडं. थेट इथनंच एसटी स्टँडवर जायचं होतं. मागनं रुद्रप्पा मालकही आले. मला त्यांच्याकडं बघायचा धीर नव्हता, मी नुसती बांबूकडं बघत होते.

कॉक बंद केला. बुडबुडे बसले. बांबू बुडवला, वर काढला. खळ बरोब्बर त्या जागी होती, जिथं गणितानं यायला पाहिजे म्हणून मी बांबूवर आधीच खडूची रेघ ओढली होती. मग डालड्याचा डबा. मामानं स्वतःहून घड्याळ काढलं. डब्याखालनं धार लागली, पातळ नाही, गुठळी नाही, एकसंध. सगळे डब्याकडं डोळे लावून उभे. धार बारीक झाली, थेंब झाली, संपली.

"घरच्यायेवडाच टाइम!" मामा ओरडला. "आयला, घरच्यायेवडाच!"

बादल्या मशिनकडं गेल्या. सूत खळीतनं गेलं, वाळून पलीकडं निघालं. मालकांनी एक धागा चिमटीत धरून ओढला. तुटला नाही. जोरात ओढला. तुटला नाही. मग त्यांनी बीमवरनं सगळा तळहात फिरवला, मेंढराच्या पाठीवरनं फिरवावा तसा.

"छलो आतु!" ते म्हणाले. "लई छलो आतु."

मी घाईघाईनं पिशवीतला कागद काढला. मालकांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हात मागं बांधले.

"आता सही नाही," ते म्हणाले. "आता फुकट सही बंद. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी भोंग्याला यायचं, धोंडीरामबरोबर टाकी लावायची, बॉयलर शिकायचा. मग सही. उशीर झाला तर खाडा मांडीन, सांगून ठेवतो."

मला कुणी आजवर इतकं गोड बोललं नव्हतं. मी रडले, उगाच कशाला लपवू. धोंडीराम पण रडला, त्याला कारण काय होतं देव जाणे.

या सगळ्या गडबडीत आई टाकीजवळ गेली होती. पदर नाकाला लावून आत वाकून बघत होती. काठी घेऊन तिनं धार पाडून बघितली, चिमटीत धरली आणि माझ्याकडं वळली.

"वाऱ्याचा घातलास का?"

"न्हाय आये. हितं वारा पीत न्हाय. हितं तोच पाणी आणतोय." मी तिला पाइप दाखवला, वाफ आत कशी येते, तिचं पाणी कसं होतं, सगळं हातवारे करून सांगितलं. आई लक्ष देऊन ऐकत होती. कपाळाला आठी, ओठ दुमडलेले, हिशेब बसवताना बसतात तसे. मग म्हणाली,

"आन् मग त्यो तांब्या गेला कुटं?"

मामा खो खो हसला. मी हसले नाही. सरांचा फळ्यावरचा चौकोन माझ्यासमोर जुनेरं नेसून उभा होता. एक पाचवा तांब्या मी काढलाय, तर तो कुठंतरी असलाच पाहिजे, एवढंच ती विचारत होती. हे मला कॉलेजात शिकवायला इतकी वर्षं लागली, आणि ही मला चुलीपाशी कधीपासून शिकवत होती!

"हाय की आये," मी म्हटलं. "त्यो उरला."

"उरला म्हंजी हितंच हाय."

दाराशी कामगारांचा माठ होता. आईनं त्यातनं तांब्या गच्च भरला आणि माझ्यापुढं धरला.

"पी मग. सकाळधरनं तोंडात थेंब न्हाय तुज्या. ह्यो तुजा."

मी तिथंच उभी राहून तो सगळा तांब्या प्याले, घटाघटा, हनुवटीवरनं ओघळ येईपर्यंत. आईनं रिकामा तांब्या माठावर पालथा घातला, भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि पदर खोचला.

"आण्णा, मला यस्टीवर सोड. ती ट्रंक तेवडी घरला ठेव."

"आन् हिला न्हाय न्यायची? दाजींना काय सांगणार?"

"सांगते की," आई म्हणाली. "पोरीला काम हाय म्हनून."